आकाशातील ओळख : विमानाचा ट्रान्सपॉन्डर मुका का होतो ?

कापूस फुटू लागला आणि तूर भरू लागली म्हणजे आपल्या मारेगावाकडील शेतकरी रात्री जागलीला जातात. मचाणावर बसलेला जागल्या अंधारात काही हालचाल जाणवताच बॅटरीचा झोत टाकतो. झोत पडल्यावर तेथे काहीतरी आहे एवढे त्याला कळते. परंतु ते रानडुक्कर आहे, शेजारचा गडी आहे की कोणी चोर आहे, याचा निर्णय केवळ झोतावरून नेहमीच होतो असे नाही. म्हणून तो हाक घालतो, "कोण आहे रे ?" पलीकडून ओळखीचे उत्तर आले म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो. झोत टाकून पाहणे ही एक रीत व हाक घालून विचारणे ही दुसरी रीत. आकाशातील विमानांची वार्ता जमिनीवरील माणसास कळते तीही याच दोन रीतींनी.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावावरून रात्रंदिवस विमाने जातात. दिल्लीहून हैदराबादकडे व चेन्नईकडे जाणाऱ्या विमानांचे मार्ग विदर्भावरूनच जातात. हल्ली भ्रमणध्वनीच्या पडद्यावर डोक्यावरील विमानाचे नाव, त्याची उंची व वेग पाहण्याचा नाद पुष्कळ मुलांना लागला आहे. ही माहिती बव्हंशी विमानातील एक लहानसे यंत्र पुरवीत असते. त्यास ट्रान्सपॉन्डर म्हणतात. प्रश्न आला असता आपोआप उत्तर देणारे यंत्र, असा त्याचा अर्थ समजावा. हे यंत्र चालते कसे, छोट्या विमानात ते बिघडते कसे, आणि तो बिघाड शहाण्या माणसाने कोणत्या क्रमाने शोधावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम झोताची रीत पाहू. जमिनीवरील रडार विद्युल्लहरींचा प्रखर झोत आकाशात फेकते. तो विमानाच्या पत्र्यावर आपटून किंचित परततो व पडद्यावर एक ठिपका उमटतो. या रडारास प्राथमिक रडार म्हणतात. त्यापासून विमानाची दिशा व अंतर कळते; पण ते कोणाचे आहे व किती उंचीवर आहे हे सामान्यतः कळत नाही. शिवाय लहरीस जाताना व येताना असे दोनदा क्षीण व्हावे लागते. यामुळे दुप्पट अंतरावरील विमान दिसण्यास सोळापट शक्ती लागते.

दुसऱ्या रीतीत रडार प्रश्न विचारते व विमानातील ट्रान्सपॉन्डर स्वतःच्या शक्तीने उत्तर धाडतो. येथे प्रत्येक लहर एकाच दिशेने प्रवास करते, म्हणून दुप्पट अंतरास चौपट शक्ती पुरते. या रडारास दुय्यम रडार असे नाव आहे. परंतु नाव दुय्यम असले तरी काम प्रमुख आहे. नागपूर येथे असे रडार आहे. मारेगाव तेथून सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने धावणारा प्रश्न नागपुराहून निघून आपल्या गावावरील विमानास पोहोचतो व त्याचे उत्तर नागपुरास परत येते, या साऱ्या व्यवहारास सेकंदाचा सुमारे साडेतेराशेवा भाग पुरतो !

प्रश्न १०३० मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर विचारला जातो व उत्तर १०९० मेगाहर्ट्झवर येते. प्रश्न म्हणजे शब्द नव्हेत, तर लहरींचे क्षणिक ठोके होत. दोन ठोक्यांमध्ये ८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे आठ दशलक्षांश, एवढे अंतर असेल तर "तू कोण ?" असा अर्थ होतो. ते अंतर २१ मायक्रोसेकंद असेल तर "तू किती उंच आहेस ?" असा अर्थ होतो. प्रश्न ऐकल्यापासून बरोबर ३ मायक्रोसेकंदांनी ट्रान्सपॉन्डर उत्तर देऊ लागतो. हा विलंब ठरीव असल्याने रडार तो हिशेबातून वजा करते. त्यात एका मायक्रोसेकंदाची जरी चूक झाली, तरी विमान पडद्यावर आपल्या खऱ्या जागेपासून दीडशे मीटर सरकलेले दिसते.

"तू कोण ?" या प्रश्नाचे उत्तर म्हणजे चार अंकांचा एक संकेत होय. जमिनीवरील नियंत्रक वैमानिकास तो सांगतो व वैमानिक तो यंत्रावर लावतो. उत्तरामध्ये बारा ठोक्यांच्या जागा असतात आणि प्रत्येक जागी ठोका असतो किंवा नसतो. बीजगणित शिकणाऱ्या मुलांनी दोनाचा बारावा घात काढून पाहावा, ४०९६ येईल. तितकेच संकेत उपलब्ध आहेत. प्रत्येक अंक ० ते ७ यांपैकीच असतो, ८ व ९ यांना येथे थारा नाही. त्यांतही तीन संकेत राखून ठेवलेले आहेत : ७५०० म्हणजे विमान बळजबरीने पळविले जात आहे, ७६०० म्हणजे बोलण्याचा रेडिओ बंद पडला आहे, आणि ७७०० म्हणजे आम्ही संकटात आहोत. अलीकडील सुधारलेल्या ट्रान्सपॉन्डरांत प्रत्येक विमानास स्वतःचा कायमचा क्रमांकही असतो. अशा क्रमांकांची एकंदर संख्या एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक भरते.

या यंत्राचा जन्म युद्धात झाला. आकाशातून येणारे विमान आपले की शत्रूचे, हे रडारच्या ठिपक्यावरून ओळखता येईना. तेव्हा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्ये आपल्या विमानांत असे उत्तर देणारे यंत्र बसविण्यात आले. पवित्र शास्त्रातील शास्ते या पुस्तकात यार्देनेच्या उतारावर 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास लावून माणसे ओळखल्याची कथा आपणांपैकी पुष्कळांनी वाचली असेल. त्याच जातीची ही युक्ती. ब्रिटिश सैनिक या यंत्रास 'पॅरट' म्हणजे पोपट म्हणत. म्हणूनच आजही नियंत्रक वैमानिकास अमुक संकेत 'स्क्वॉक' कर, म्हणजे पोपटाप्रमाणे ओरड, असे सांगतो.

युद्ध संपल्यावर हा पोपट नागरी विमानांत आला. पण तो सर्वत्र पोहोचण्यास फार वर्षे लागली. १९४९ साली आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारी दिशांनी विमाने मध्यरात्री नागपुरास येत, टपालाच्या थैल्या परस्परांत बदलीत व परत फिरत. त्या काळी आकाशातील विमानाचा पत्ता जमिनीवरील माणसास कळे तो मुख्यत्वे वैमानिक बिनतारी यंत्राने सांगेल तेवढाच. विमाने थोडी होती, म्हणून ते निभावले. विमानांची संख्या वाढली तसतसे केवळ सांगोवांगीवर विसंबणे धोक्याचे झाले.

तो धोका किती मोठा होता हे आपल्या देशाने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी पाहिले. हरियाणातील चरखी दादरी गावाजवळ सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ जातीचे विमान आणि कझाकस्तानचे इल्यूशिन ७६ जातीचे विमान यांची आकाशात टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील सर्वच्या सर्व ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. सौदी विमानास १४,००० फुटांवर राहण्याची व कझाक विमानास १५,००० फुटांपर्यंतच उतरण्याची आज्ञा होती. कझाक विमान आज्ञेहून खाली आले. दिल्लीच्या नियंत्रकापुढे त्या वेळी प्राथमिक रडारचे ठिपके होते. त्यांवरून उंची दिसत नव्हती. वैमानिक तोंडाने सांगेल ती उंची खरी मानण्यावाचून त्यास गत्यंतर नव्हते. पुढे न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने या दुर्घटनेची चौकशी केली, आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र प्रवासी विमानांस भारतात आवश्यक ठरविण्यात आले. हे यंत्रही जवळच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरलाच प्रश्न विचारीत असते, हे ध्यानात ठेवावे.

येथे कोणी म्हणेल, मोठ्या विमानांचे ठीक आहे; दोन माणसांच्या छोट्या विमानातील यंत्राची एवढी चिकित्सा कशाला ? त्याचे उत्तर अमेरिकेतील सेरिटॉस या गावी ३१ ऑगस्ट १९८६ रोजी मिळाले. तेथे एका छोट्या पायपर विमानाची व एका प्रवासी विमानाची टक्कर होऊन आकाशातील ६७ व जमिनीवरील १५ अशी ८२ माणसे दगावली. पायपरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता, परंतु उंची सांगण्याची सोय त्यास नव्हती. म्हणजे पोपट अर्धेच बोलत होता. आणि २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलच्या अरण्यावर ३७,००० फूट उंचीवर एक छोटे जेट विमान व एक बोइंग ७३७ समोरासमोर आली. छोट्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर त्या वेळी बंद स्थितीत होता व त्याच्या वैमानिकांस याची कल्पनाच नव्हती. यंत्र मुके, म्हणून दुसऱ्या विमानास सूचना नाही. बोइंगमधील सर्व १५४ माणसे गेली. छोटे विमान मात्र कसेबसे सुखरूप उतरले.

या यंत्राच्या बिघाडातील खरी गोम हीच आहे. इंजिन बिघडले तर त्याचा आवाज बदलतो, चाक बिघडले तर विमान हेलकावे खाते. ट्रान्सपॉन्डर बिघडला तर विमानात बसलेल्यास काहीही जाणवत नाही. विमान पूर्वीसारखेच सुरेख उडत असते. आपण दिसेनासे झालो आहोत हे आपल्यालाच ठाऊक नसते, ते दुसऱ्याने सांगावे लागते. यासाठी नागपूर, गोंदियाजवळील बिरसी, बारामती अशा आपल्या महाराष्ट्रातील ज्या ठिकाणी तरुणांना छोट्या विमानांवर उड्डाणाचे शिक्षण मिळत आले आहे, तेथील शिष्यालाही या यंत्राची परीक्षा ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आता शोधाच्या क्रमाकडे वळू. विहिरीवरील विजेची मोटार चालू झाली नाही तर आपले वडील काय करतात ते आठवा. ते लागलीच पंप विहिरीबाहेर ओढून काढीत नाहीत. प्रथम लाइन आहे की नाही ते पाहतात, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, आणि सर्व ठीक ठरल्यावरच पंपाला हात घालतात. सोपे, स्वस्त व वारंवार घडणारे ते आधी. अवघड, खर्चाचे व क्वचित घडणारे ते मागाहून. विमानातही हाच नियम आहे.

नियंत्रकाने वैमानिकास कळविले की, "तुमचे उत्तर येत नाही." पहिला प्रश्न असा, की हा बिघाड आहे तरी का ? ट्रान्सपॉन्डरच्या खटक्यास सामान्यतः चार स्थिती असतात : बंद, सज्ज, चालू, व उंचीसह चालू. सज्ज स्थितीत यंत्र तापून तयार असते, पण उत्तर देत नाही. खटका तेथेच राहून गेला असेल तर दोष यंत्राचा नव्हे. दुसरे असे, की पृथ्वी वाटोळी आहे व या लहरी सरळ रेषेत जातात. मारेगावावर जमिनीपासून दीड हजार फुटांच्या आत उडणारे विमान पृथ्वीच्या गोलाईमुळे नागपूरच्या रडारास दिसणे कठीण. मध्ये टेकडी आल्यास याहूनही कठीण. तेथे उत्तर देत असल्याचा लुकलुकणारा दिवा लागला नाही, तर यंत्र मुके झाले असे समजू नये. त्यास कोणी विचारलेच नाही असे समजावे. विमान उंच नेताच दिवा लुकलुकू लागला तर शंका फिटली. तिसरे असे, की या यंत्राचे एरियल विमानाच्या पोटाखाली असते. विमान वळताना एका अंगावर कलते, तेव्हा एरियल व रडार यांच्या मध्ये पंख किंवा चाक येते व उत्तर क्षणभर नाहीसे होते. वळण संपताच ते परत येत असेल तर तीही निसर्गाचीच रीत आहे.

या शंका फिटल्यावर वैमानिकाने उड्डाणात करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. खटका पाहावा, संकेताचे अंक पुन्हा वाचावे, नियंत्रकाच्या अनुमतीने यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू करावे, दुसरे यंत्र असल्यास त्यावर जावे, पण दोन्ही एकदम चालवू नयेत. अंक बदलताना ७५००, ७६०० वा ७७०० हे क्षणभरही लागू नयेत याची दक्षता घ्यावी, नाहीतर जमिनीवर निष्कारण धावपळ उडते. एवढ्याने काम न झाल्यास नियंत्रकास स्पष्ट सांगावे व त्याच्या आज्ञेप्रमाणे वागावे. यंत्राकडे पाहत बसून विमानाकडे दुर्लक्ष करणे हा मूळ बिघाडाहून मोठा अपराध होय.

पुढील तपास जमिनीवरचा, आणि तो परवाना असलेल्या अभियंत्याचा. यंत्र अगदीच निर्जीव असेल, दिवा नाही की अंक नाहीत, तर प्रथम वीज पाहावी. सर्किट ब्रेकर बाहेर आला आहे काय ? रेडिओयंत्रांचा मुख्य खटका चालू आहे काय ? यंत्र आपल्या खणात पूर्ण आत बसले आहे काय ? विमानाच्या कंपाने ते केसभर पुढे सरकले तरी मागील जोडाचे टोक सुटते. अल्टरनेटर थकला असेल तर विजेचा दाब हळूहळू उतरतो. मग ट्रान्सपॉन्डरच नव्हे, तर इतर यंत्रेही कुरकुरू लागतात. एकच यंत्र बिघडले की अनेक, या एका प्रश्नाने दोषाचे स्थान पुष्कळदा उघडे पडते.

वीज ठीक आहे, दिवाही लुकलुकतो, तरीही रडारवर उत्तर क्षीण दिसते किंवा मधूनमधून नाहीसे होते. अशा वेळी एरियल व त्याची केबल यांकडे वळावे. पोटाखाली असल्यामुळे एरियलावर इंजिनाचे तेल, धुराची काजळी व धावपट्टीचा चिखल बसतो. जेथे ते पत्र्यास टेकते तेथे गंज चढतो. केबलीच्या जोडात पाणी शिरते किंवा आतील तार ढिली होते. यावर कोणी विचारील, एरियल बिघडले तर दिवा कसा लुकलुकतो ? याचे कारण असे, की रडारचा प्रश्न मोठ्या आवाजाचा असतो. तो सदोष एरियलातूनही ऐकू येतो. छोट्या विमानाचे उत्तर त्या मानाने दुबळे असते; तेच वाटेत गळून जाते. म्हणून दिवा लागला एवढ्यावरून एरियल निर्दोष ठरवू नये. केबल व एरियल दोन्ही चांगली निघाली, तरच यंत्राच्या आतील प्रेषक भागाविषयी संशय घ्यावा. जुन्या यंत्रांत तो भाग वयोमानाने दुबळा होतो व १०९० मेगाहर्ट्झ या आपल्या जागेपासून ढळतो. त्याची परीक्षा हातात धरता येईल अशा एका तपासणीयंत्राने विमानाजवळ उभे राहून घेता येते.

आता सर्वांत बोधप्रद प्रकार पाहू. रडारवर संकेत बरोबर दिसतो, पण उंची दिसत नाही. भूमितीचा सिद्धान्त सोडविल्याप्रमाणे येथे विचार करावा. संकेत दिसतो, याचा अर्थ वीज आहे, एरियल आहे, प्रश्न ऐकला गेला व उत्तरही पोहोचले. ही सर्व मंडळी एका पुराव्यानेच दोषमुक्त झाली. उरला तो फक्त उंची मोजून यंत्रास सांगणारा भाग व त्यामधील तारा. तेव्हा प्रथम खटका 'उंचीसह' या स्थितीत आहे ना ते पाहावे. मग यंत्र नुकतेच चालू केले असल्यास थोडे थांबावे, कारण जुन्या जातीच्या उंची-सांगणाऱ्या यंत्रास तापण्यास काही मिनिटे लागतात. त्यानंतर जोड व तारा तपासाव्या. एरियल पुसण्यात किंवा प्रेषक बदलण्यात जो वेळ दवडील त्यास काही लाभ होणार नाही.

उंची दिसते, पण चुकीची दिसते, हा प्रकार याहून अवघड. येथे पुन्हा पहिला प्रश्न तोच : हा बिघाड आहे तरी का ? उंचीमापक म्हणजे वस्तुतः वायुभारमापकच होय. वैमानिक आपले उंचीमापक त्या दिवशीच्या वायुभाराप्रमाणे लावतो. पण ट्रान्सपॉन्डर मात्र नेहमी १०१३.२५ हेक्टोपास्कल या एकाच प्रमाण वायुभारावरून उंची कळवितो, व स्थानिक वायुभाराचा फरक जमिनीवर वजा होतो. पावसाळ्यात आपल्याकडील वायुभार या प्रमाणाहून बराच उतरतो. समजा तो १००३ आहे. खालच्या थरात एका हेक्टोपास्कलास सुमारे २७ फूट धरले तर यंत्र वैमानिकाच्या काट्यापेक्षा सुमारे २७० फूट अधिक उंची सांगेल. हा बिघाड नव्हे, हिशेब आहे.

वायुभाराचा हिशेब करूनही मेळ बसला नाही, तर एक तुलना करावी. वैमानिकाचा काटा बरोबर व धाडलेली उंची चूक असेल तर दोष उंची-सांगणाऱ्या यंत्रात किंवा त्याच्या तारांत आहे. दोन्ही सारख्याच चुकत असतील तर दोष त्या दोहोंस हवा पुरविणाऱ्या नळीत आहे. ही हवा विमानाच्या अंगावरील एका बारीक छिद्रातून आत येते. आपल्या घराच्या आढ्याला मातीचे घर बांधणारी कुंभारीण आपण पाहिली आहे. उभ्या विमानाच्या अशा छिद्रातही कीटक मातीचे बूच बसवितात. नळीत पाणी साचते, किंवा कोठे बारीक चीर जाते. एवढ्याशा कीटकाने विमानाची उंची खोटी ठरावी, हे नवल खरे. पण उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून प्रत्येक छिद्र डोळ्यांनी पाहण्याचा जो नियम आहे, त्याचे इंगित यातच आहे.

तारांचा दोष तर मोठा फसवा असतो. जुन्या पद्धतीत उंची शंभर शंभर फुटांच्या पायऱ्यांनी सांगितली जाते व त्यासाठी अनेक तारांचा जुडगा असतो. प्रत्येक तार 'आहे' किंवा 'नाही' एवढेच बोलते. सर्वांचे मिळून उंचीचे वाक्य होते. त्यांतील एक तार तुटली तर ज्या उंचीच्या वाक्यात तिला 'नाही' म्हणावयाचे असते तेथे सर्व ठीक दिसते, व जेथे 'आहे' म्हणावयाचे असते तेथे उंची एकाएकी शेकडो वा हजारो फुटांनी उडी मारते. म्हणून विमान जमिनीवर तपासले तेव्हा बरोबर होते, एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या उंचीवर चूक दिसली व कोणत्या उंचीवर नाहीशी झाली, याची नोंद मिळाली तर तुटलेली तार कोणती हे कागद-पेन्सिल घेऊन टेबलाशी बसल्या ठिकाणीही काढता येते.

यावरून वैमानिकाने बिघाडाची तक्रार कशी लिहावी हेही समजते. "ट्रान्सपॉन्डर चालत नाही" एवढेच लिहिणारा वैमानिक अभियंत्यास अंधारात सोडतो. "पाच हजार फुटांवर, सरळ उड्डाणात, संकेत दिसत असताना उंची तेवढी नाहीशी झाली, सहा हजारांवर ती परत आली", असे लिहिणारा निम्मी दुरुस्ती स्वतःच करून ठेवतो. दवाखान्यात गेल्यावर "अंग दुखते" असे म्हणणारा रोगी व "तीन दिवसांपासून संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो" असे सांगणारा रोगी यांत जे अंतर, तेच येथे.

दुरुस्ती करणाऱ्यासही दोन पथ्ये पाळावी लागतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एरियल पुसले, केबल बदलली व यंत्रही बदलले, आणि दोष गेला. तर तो कशाने गेला हे कोणासच कळत नाही, व उद्या परत आला तर पुन्हा मुळापासून आरंभ. दुसरे पथ्य असे, की जमिनीवर परीक्षा घेताना नळीतील हवा कमी करून विमान जणू उंच गेले आहे असे यंत्रास भासवावे लागते. त्या वेळी एरियल झाकले नाही तर ते खोटे उत्तर आकाशात जाते व वरून जाणाऱ्या खऱ्या विमानास समोर एक मायावी विमान दिसू लागते ! अमेरिकेत छोट्या विमानांचे ट्रान्सपॉन्डर दर २४ महिन्यांनी तपासावे असा नियम आहे. यंत्र उत्तम चालत आहे असे वाटत असतानाही ते तपासावयाचे, यातच त्या नियमाचे मर्म आहे. जो बिघाड स्वतःहून ओरडत नाही, त्याला ठरल्या दिवशी जाऊन विचारावे लागते.

पालकांसही या विषयात घेण्यासारखे काही आहे. शास्त्राचे शिक्षण म्हणजे मोठी नावे पाठ करणे नव्हे. घरातील दिवा लागेना, सायकल चालेना, मोटारीस पाणी लागेना, अशा वेळी मुलास बाजूस न सारता "आधी काय पाहशील, आणि का ?" असे विचारावे. बिघाड आहे की केवळ भास, दोष एका ठिकाणी आहे की अनेक, कोणत्या पुराव्याने कोण निर्दोष ठरतो, हे तीन प्रश्न ज्यास अंगवळणी पडले, तो मारेगावच्या शेतातील पंप असो की नागपूरच्या आकाशातील विमान असो, कोठेही गोंधळून जाणार नाही. उद्या आपल्या तालुक्यातील एखादी मुलगी वा मुलगा विमानाच्या दुरुस्तीचा परवाना मिळवील, तेव्हा त्याच्या सहीवर विसंबून अनोळखी माणसे निश्चिंतपणे आकाशात झोपी जातील. त्या सहीची तयारी मात्र आजच, या लहानसहान प्रश्नांपासून करावयाची आहे.